मनावरचा आघात, शरीरातील वेदना आणि ॲक्युपंक्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात, हिंसा, जवळच्या व्यक्तीचा अकाली मृत्यू, किंवा किल्लारीचा भूकंप आणि माळीणची दरड यांसारखी आपत्ती यांतून गेलेल्या अनेकांना घटनेनंतर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, मान, पाठ, डोके, जबडा किंवा ओटीपोट दुखण्याचा त्रास होतो. अशा वेदनेसाठी ॲक्युपंक्चर घ्यावे का, या विचारात असलेल्या व्यक्तींसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. सुई कुठे टोचली यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. आघात सोसलेल्या माणसाच्या बाबतीत ती कशी, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या वातावरणात टोचली जाते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरांमागे हीच भूमिका आहे.

आघात मनावर झाला, मग शरीर का दुखते?

धोका जाणवताच शरीर पळण्यासाठी किंवा प्रतिकारासाठी सज्ज होते: हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, खांदे, मान आणि जबड्याचे स्नायू ताठ होतात. धोका टळल्यावर ही सज्जता ओसरायला हवी. तीव्र किंवा वारंवार झालेल्या आघातानंतर काही जणांमध्ये ती पूर्णपणे ओसरत नाही. स्नायू आखडलेलेच राहतात, झोप तुटक होते, आणि झोपेअभावी वेदना सहन करण्याची ताकद घटते. दीर्घकाळ असे चालल्यास मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेच्या संदेशांबाबत अधिक संवेदनशील होतात, त्यामुळे पूर्वी ज्याचा त्रास होत नसे तो साधा दाब किंवा हालचालही दुखू लागते.

त्यात आणखी एक चक्र मिसळते. रस्त्यावरील अपघातात मानेला हिसका बसलेल्या माणसाची मान दुखली की त्याला अपघात आठवतो, आठवणीने शरीर ताठ होते, आणि ताठरपणाने मान अधिक दुखते. वेदना आणि आघाताची स्मृती अशा रीतीने एकमेकींना जिवंत ठेवतात, हे या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांनी दोन दशकांपूर्वीच मांडले आहे.

माझे एक्स-रे, एमआरआय, रक्ततपासणी सगळे नॉर्मल आले. म्हणजे हे दुखणे केवळ मनाचे आहे का?

नाही. तपासणीत इजा न दिसणे याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकालीन प्राथमिक वेदना हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकणारी अशी वेदना, जी दुसऱ्या कोणत्याही आजाराने पुरेशी समजावता येत नाही. "काही नाही, टेन्शन आहे, विसरून जा" असे सांगून पेशंटला परत पाठवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे, आणि तिच्यामुळे आधीच दुखावलेल्या माणसाला आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असे पुन्हा एकदा वाटते.

मग थेट ॲक्युपंक्चरकडे गेले तर चालेल का?

आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे. आघाताचा इतिहास असलेल्या व्यक्तीलाही हृदयविकार, मणक्यातील गादी सरकणे किंवा गाठ होऊ शकते, आणि अशा व्यक्तींचे शारीरिक आजार "मानसिक" म्हणून दुर्लक्षिले जाण्याचा धोका अधिक असतो. छातीत दाब किंवा दुखणे, अचानक उठलेली अतितीव्र डोकेदुखी, शरीराच्या एका बाजूची ताकद जाणे, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे, जांघेभोवती बधिरपणा, कारणाविना वजन घटणे किंवा वेदनेसोबत ताप यांपैकी काहीही असल्यास सुया टोचून घेण्यात वेळ घालवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

सुई टोचल्याने वेदना कमी कशी होते?

पारंपरिक चिनी वैद्यकानुसार शरीरात 'ची' नावाची ऊर्जा ठरावीक मार्गांनी वाहते, आणि त्या मार्गांवरील बिंदूंवर सुई टोचून तिचा खंडित प्रवाह पूर्ववत केला जातो. मनगटाच्या आतील बाजूस सुमारे तीन बोटे वर असलेला नेइगुआन, अंगठा आणि तर्जनीमधील हेगू, गुडघ्याखालचा झूसानली आणि डोक्याच्या माथ्यावरचा बाइहुई हे वेदना, अस्वस्थता व झोपेच्या तक्रारींसाठी वारंवार वापरले जाणारे बिंदू आहेत. बिंदूंच्या जागांबाबत निरनिराळ्या देशांत मतभेद होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करण्यात आल्या.

आधुनिक शरीरशास्त्राला 'ची' किंवा तिचे मार्ग सापडलेले नाहीत, हे स्पष्टपणे सांगायला हवे. सुईचे परिणाम मात्र मोजता येतात. सुई टोचल्यावर त्वचा आणि स्नायूंमधील मज्जातंतू उद्दीपित होतात व मेंदू-मज्जारज्जूतील वेदना दाबणारी यंत्रणा कार्यरत होते. १९७० च्या दशकात असे आढळले की एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यास ॲक्युपंक्चरने मिळालेला आराम घटतो. म्हणजे शरीर स्वतः तयार करत असलेल्या वेदनाशामक द्रव्यांचा यात वाटा असावा. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात, सुई फिरवलेल्या जागी ॲडेनोसिन हे वेदना शमवणारे द्रव्य वाढल्याचे दिसले. याखेरीज शांत खोलीत अर्धा तास निवांत पडून राहणे, कोणीतरी आपुलकीने विचारपूस करणे, बरे वाटेल ही अपेक्षा, या साऱ्यांचा परिणाम होतो, आणि सतत सावध राहून थकलेल्या शरीरासाठी तो क्षुल्लक नसतो.

हे सिद्ध झालेले आहे का?

या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात, कारण दोन्हींचे पुरावे सारख्या बळाचे नाहीत.

पहिला भाग दीर्घकालीन वेदनेचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पाठ-मान, खांदा, गुडघ्याची झीज आणि जुनाट डोकेदुखी यांत ॲक्युपंक्चर घेतलेल्यांना ते न घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट आराम मिळाला, आणि वर्षभरानंतरही त्यातील बहुतांश टिकून होता. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी ॲक्युपंक्चरच्या एका मर्यादित कोर्सचा विचार करावा असे म्हटले आहे. त्याच मार्गदर्शिकेने अशा वेदनेसाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि अफूजन्य औषधे नव्याने सुरू करू नयेत असेही सुचवले आहे.

दुसरा भाग आघाताचा. वरील चाचण्यांतील रुग्ण आघातग्रस्त म्हणून निवडलेले नव्हते. आघातोत्तर तणाव विकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, झालेले अभ्यास कमी आणि बहुतांशी लहान आहेत. त्यांपैकी लक्षणीय म्हणता येईल असा अभ्यास २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. युद्धातील अनुभवांमुळे पीटीएसडी झालेल्या ९३ माजी सैनिकांना खऱ्या किंवा नाममात्र (म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या खोट्या) ॲक्युपंक्चरच्या २४ सिटिंग देऊ केल्या गेल्या. सुधारणा दोन्ही गटांत झाली, परंतु खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ती अधिक होती. निकाल आशादायक असला तरी ९३ जणांच्या एका अभ्यासावर मोठे दावे उभारता येत नाहीत. अमेरिकी सैन्य व माजी सैनिक विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेनेही पीटीएसडीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस करण्याइतका किंवा ते नाकारण्याइतका पुरावा नाही असे नोंदवले होते.

म्हणून सध्या इतकेच प्रामाणिकपणे सांगता येते की आघाताशी जोडलेल्या शारीरिक वेदनेत ॲक्युपंक्चरने आराम पडण्याची वाजवी शक्यता आहे. आघात त्याने बरा होतो, असे म्हणण्यास आज आधार नाही.

खोट्या सुयांनीही बरे वाटते असे वाचले. मग ही नुसती समजूत आहे का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. वेदनेच्या चाचण्यांत खऱ्या आणि खोट्या ॲक्युपंक्चरमधील फरक लहान असतो, तर ॲक्युपंक्चर घेणे आणि काहीच न घेणे यांतील फरक बराच मोठा असतो. याचा एक अर्थ असा की बिंदू नेमका कोणता यापेक्षा उपचाराच्या संपूर्ण अनुभवाचा वाटा अधिक असावा. दुसरी गोष्ट अशी की 'खोटा' उपचारही पूर्णपणे निष्क्रिय नसतो: सुई उथळ टोचली किंवा त्वचेला नुसती टेकवली तरी मज्जातंतूंना स्पर्श पोहोचतोच. माझ्या मते रुग्णाने यातून घ्यायचा बोध व्यावहारिक आहे. "गुप्त बिंदू" माहीत असल्याचा दावा करणाऱ्या आणि त्यासाठी वाढीव फी घेणाऱ्या माणसापेक्षा, पुरेसा वेळ देणारा, नीट ऐकणारा आणि स्वच्छता पाळणारा उपचारक निवडावा.

मला परक्या माणसाचा स्पर्श सहन होत नाही. पालथे झोपायचीही भीती वाटते. तरी उपचार शक्य आहे का?

बहुतेक वेळा शक्य आहे, मात्र उपचारकाने पद्धत बदलायला हवी. या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे गरजेचे आहे, कारण उपचार अर्धवट सुटण्याचे हे एक मोठे कारण असते.

ज्याच्यावर हिंसा झाली आहे, ज्याला बांधून ठेवले गेले आहे किंवा जो ढिगाऱ्याखाली अडकला होता, त्याच्यासाठी पालथे पडणे, मागे कोण उभे आहे हे न दिसणे, आणि अंगात सुया असल्यामुळे हलता न येणे ही परिस्थिती मूळ घटनेची आठवण जागी करू शकते. म्हणून खुर्चीवर बसून किंवा उताणे, डोके थोडे उंच ठेवून उपचार घेता येतात. हात, पाय आणि कानांवरील बिंदू पुरेसे असतात. बाही कोपरापर्यंत आणि सलवार किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली की कपडे उतरवण्याची गरज पडत नाही. पहिल्या वेळी दोन-तीनच सुया, दहाच मिनिटे, किंवा सुई न टोचता केवळ बोलणे आणि खोली पाहून येणे, असेही चालते.

प्रत्येक सुईपूर्वी "आता डाव्या पायाला टोचतो, चालेल ना?" असे विचारले गेले पाहिजे. सुरुवातीला एकदा सही घेतली म्हणजे कायमची संमती मिळाली असे नाही. थांबण्याची खूण आधी ठरवावी आणि ती केल्यावर उपचारकाने कारण न विचारता सुया काढाव्यात. हाक मारता येईल अशा अंतरावर कोणीतरी असावे, शक्य असल्यास हातात घंटी द्यावी. दार बंद ठेवायचे की किलकिले, दिवा मंद करायचा की नाही, सोबत मैत्रीण बसणार का, उपचारक स्त्री हवी का, हे रुग्णाने ठरवावे. आघाताच्या क्षणी माणसाच्या हातून सगळे नियंत्रण गेलेले असते. उपचाराच्या खोलीत लहान लहान निर्णय त्याच्याकडे असणे हा सौजन्याचा भाग तर आहेच, उपचाराचाही आहे.

हे विचारल्यावर जो चिडतो किंवा "इतकं काय घाबरायचं" म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

सुई दुखते का?

ॲक्युपंक्चरची सुई भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची असते. इंजेक्शनची सुई पोकळ आणि सहसा अधिक जाड असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते आणि नंतर जडपणा, बोथट कळ किंवा मुंग्या जाणवतात. ही जाणीव तीव्र असलीच पाहिजे असा काही उपचारकांचा आग्रह असतो. आघातग्रस्त रुग्णाच्या बाबतीत तो सोडून द्यावा. तीक्ष्ण किंवा विजेसारखी कळ आली तर लगेच सांगावे.

केवळ कानात सुया लावण्याची पद्धत कोणती?

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयात १९७० च्या दशकात व्यसनमुक्तीसाठी कानावरील पाच बिंदूंची पद्धत आकाराला आली. ती 'नाडा' या संस्थेच्या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत अनेक जण पूर्ण कपड्यांत, खुर्च्यांवर एकत्र बसतात आणि कोणालाही आपली कहाणी सांगावी लागत नाही. त्यामुळे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये आणि पुढे २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतरही ती वापरली गेली. अमेरिकी हवाई दलातील डॉ. रिचर्ड नीम्ट्झो यांनी २००१ मध्ये वेदनेसाठी कानाचीच आणखी एक पद्धत विकसित केली. तिच्यात बारीक सुया काही दिवस कानातच राहू देतात. दोन्ही पद्धतींची सोय मोठी आहे, पण सोय आणि परिणामकारकता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परिणामकारकतेचा पुरावा अजून मर्यादित आहे. मधुमेह असलेल्यांनी कानात राहणाऱ्या सुया टाळाव्यात, कारण कानाच्या कूर्चेत जंतुसंसर्ग झाल्यास तो बरा व्हायला वेळ लागतो.

काय घडले ते उपचारकाला सांगावे लागेल का?

नाही. "एका घटनेनंतर मला पाठीमागून स्पर्श झालेला चालत नाही" इतके सांगणे पुरेसे आहे. तपशील खोदून काढणे हे ॲक्युपंक्चर उपचारकाचे काम नाही. शारीरिक आजार, चालू औषधे, गर्भारपण आणि स्वतःला इजा करण्याचे विचार मात्र जरूर सांगावेत.

ज्या घरात मारहाण होते त्याच घरातून रुग्ण येत असेल तर?

आपल्याकडे अनेक स्त्रिया सासू, नवरा किंवा दिराच्या सोबतीने दवाखान्यात येतात, आणि "पाठ का दुखते" या प्रश्नाचे उत्तर सोबतची व्यक्तीच देते. उपचारकाने काही वेळ तरी रुग्णाशी एकट्याने बोलण्याचा शिरस्ता ठेवावा आणि तो सर्वांनाच लागू करावा, म्हणजे कोणाला संशय येत नाही. हिंसा चालू असताना शरीराची सावधता हा आजार नसतो, ती गरज असते. तेथे सुरक्षिततेची व्यवस्था आधी आणि सुया नंतर. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि मुंबई महानगरपालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रांमार्फत अशा स्त्रियांना समुपदेशन व कायदेशीर मदतीचा मार्ग मिळतो.

सुया लावलेल्या असताना रडू आले, किंवा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला तर?

शरीर सैलावल्यावर रडू येणे असामान्य नाही, आणि न येणे हे उपचार फसल्याचे लक्षणही नाही. "सुईने स्नायूत साठलेला आघात बाहेर पडला" असे काही ठिकाणी सांगितले जाते. ही कल्पना मला घातक वाटते, कारण तिच्यामुळे रुग्ण आणि उपचारक दोघेही भावनांच्या उद्रेकाची वाट पाहू लागतात. प्रसंग जिवंतपणे डोळ्यांपुढे येऊ लागला, किंवा आजूबाजूचे भान सुटते आहे असे वाटले, तर सुया काढून रुग्णाला उठून बसवावे, पाय जमिनीला टेकवायला सांगावेत, खोलीतील वस्तूंची नावे घ्यायला लावावीत, पाणी द्यावे. त्या दिवशी उपचार पुढे रेटू नये. असे वारंवार घडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढची सिटिंग ठरवू नये.

ॲक्युपंक्चर सुरू केल्यावर औषधे किंवा समुपदेशन बंद करता येईल का?

स्वतःहून करू नये. नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे आणि काही औषधांच्या बाबतीत फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. डोस कमी करायचा तर तो ज्यांनी औषध दिले त्या डॉक्टरांनीच करावा.

आघातावर थेट काम करणाऱ्या उपचारांत आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारे समुपदेशन) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचालींसह आठवणींवर काम करणारी मानसोपचार पद्धत) यांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ॲक्युपंक्चरचे खरे स्थान मला त्यांच्या शेजारी दिसते. मान-पाठ सतत ठणकत असताना आणि रात्री झोप नसताना समुपदेशकासमोर बसून कठीण आठवणींना सामोरे जाणे फार अवघड असते. वेदना थोडी उतरली आणि झोप लागू लागली तर तेच काम पेलवते. काही जण अजून बोलायलाच तयार नसतात. त्यांच्यासाठीही शरीरापासून सुरुवात करणे हा एक सन्माननीय मार्ग आहे.

किती सिटिंग लागतात?

साधारणपणे आठवड्यातून एक किंवा दोन, प्रत्येकी वीस ते चाळीस मिनिटांच्या. पाच-सहा सिटिंगनंतर थांबून आढावा घ्यावा. सुरुवातीलाच वीस-तीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नयेत.

यात धोके कोणते?

प्रशिक्षित हातांत ही पद्धत बऱ्यापैकी सुरक्षित आहे. जर्मनीतील २,२९,२३० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ८.६ टक्के रुग्णांनी किमान एक त्रास नोंदवला, आणि त्यात टोचल्या जागी थोडे रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे हे सर्वाधिक होते. चक्कर येऊ शकते, म्हणून उपाशीपोटी जाऊ नये. छाती, खांद्याचा वरचा भाग किंवा पाठीत सुई खोल गेल्यास फुफ्फुसाला इजा होऊ शकते. हे दुर्मीळ असले तरी गंभीर आहे, आणि उपचारानंतर दम लागला किंवा छातीत कळ आली तर लगेच रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणारी औषधे, रक्त न गोठण्याचा आजार आणि गर्भारपण यांची कल्पना आधी द्यावी. पेसमेकर असल्यास विजेच्या प्रवाहासह दिले जाणारे ॲक्युपंक्चर टाळावे. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेल्या असाव्यात. याबाबत कोणतीही सवलत देऊ नये.

महाराष्ट्रात योग्य उपचारक कसा ओळखावा?

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आहे. तो २०१५ च्या अधिनियमाच्या नावाने ओळखला जातो आणि त्यानुसार महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद उपचारकांची नोंदणी करते. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणी क्रमांक विचारणे हा तुमचा हक्क आहे. नोंदणीमुळे आघातग्रस्त रुग्णांशी वागण्याची समज आपोआप येते असे मात्र नाही, म्हणून फोनवरच विचारावे: बसून उपचार देता का, सोबतीला कोणी चालेल का, मध्येच थांबायचे असेल तर काय करता? उत्तरांच्या स्वरावरून पुष्कळ कळते.

मराठी वाचकांना या पद्धतीचा एक धागा जवळचा वाटेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि युद्धातील जखमींची सेवा करताना १९४२ मध्ये तेथेच वारले. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते. त्यांच्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात रुजवले.

फायदा होतो आहे की नाही, हे कसे ठरवावे?

वेदनेचा आकडा शून्यावर येण्याची वाट पाहू नये. सुरू करण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: शून्य ते दहा या मापावर वेदना किती, रात्री किती वेळा जाग येते, गोळ्या किती लागतात, आणि दुखण्यामुळे बंद पडलेले एक काम कोणते, उदाहरणार्थ बाजारातून पिशवी उचलून आणणे किंवा एसटीने प्रवास करणे. दर आठवड्याला त्याच चार नोंदी कराव्यात. घटनेच्या वार्षिक दिवसाच्या आसपास किंवा कोर्टाच्या तारखेला दुखणे वाढू शकते. तेवढ्यावरून उपचार निष्फळ ठरवू नयेत. सहा सिटिंगनंतर चारपैकी एकाही नोंदीत बदल नसेल तर ॲक्युपंक्चर थांबवून डॉक्टरांशी फिजिओथेरपी, व्यायाम किंवा मानसोपचाराच्या पर्यायांविषयी बोलावे. वेदना कमी होऊनही जगणे नकोसे वाटत असेल तर सहा सिटिंगची वाट पाहू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.